शवपेटी राजाच्या मृगवनातून नेण्याबाबत

देव साक्षी आहे. मी, ॲम्ब्रोज टर्विल, वय एकसष्ट, धंदा सुतारकामाचा, राहणार हेदरकोम गावाची खालची वाडी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझ्या छातीत पाणी भरले आहे, पाय सुजले आहेत. पण डोके शाबूत आहे, आणि स्मरण तर इतके शाबूत आहे की काही लोकांना त्याचा त्रास होतो. असे कागद राजीखुशीने लिहिले असे म्हणण्याची रीत आहे. मी हा रागाने लिहीत आहे. राग आणि शुद्ध एकाच माणसात नांदू शकतात, हे साक्षीदारांनी पाहून घ्यावे.

आत्मा देवाचा आहे. तो त्याच्याकडे आपल्या वाटेने जाईल. त्या वाटेवर अजून कोणी कुंपण घातलेले नाही. देहाबाबत मात्र सविस्तर लिहावे लागते.

एक. माझा देह गावच्या चर्चच्या आवारात, माझी बायको मार्जरी हिच्या शेजारी पुरावा. शवपेटी जुन्या चर्चवाटेनेच न्यावी, म्हणजे राजाच्या मृगवनाच्या दक्षिण दारातून आत आणि उत्तर दारातून बाहेर. दलदलीच्या रस्त्याने चार मैलांचा वळसा घालून मला नेऊ नये. या मृत्युपत्रातले दुसरे काही पाळले गेले नाही तरी चालेल. हे पाळले गेलेच पाहिजे.

कारण असे. प्रेत ज्या वाटेने जाते ती वाट कायमची गावाची होते, असे आमच्याकडे सगळे मानतात. न्यायाधीश मानतील का, मला ठाऊक नाही. मृगवनाचा कारभारी मानतो, हे मला पक्के ठाऊक आहे; नाहीतर तो एका मेलेल्या बाईला घाबरला नसता.

दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये मार्जरी गेली. त्या दिवसांत हरिणी वितात. म्हणून चोवीस जूनच्या सेंट जॉनच्या सणाआधी पंधरा दिवस आणि नंतर पंधरा दिवस मृगवनात कोणाला पाऊल टाकू देत नाहीत. तिथला राखणदार माझा सख्खा धाकटा भाऊ, रोलंड. किल्ली त्याच्या कमरेला. आम्ही चौघे पेटी खांद्यावर घेऊन दारापुढे उभे राहिलो.

“दादा, आज नको. माद्या वितायत,” तो म्हणाला.

“हिनेही दोन बाळंतपणं काढली. तिच्यासाठी कुणी रान बंद केलं नव्हतं.”

“माझ्या हातात नाही ते.”

“हातात नाही? मग कमरेला काय लोंबतंय?”

तेव्हा तो आवाज खाली करून बोलला, आणि तेवढेच खरे बोलला. “कारभारी म्हणाले, प्रेत आत गेलं की वाट गेली. माझी नोकरी जाईल, दादा. पोरांना काय घालू?”

आम्ही मागे फिरलो. गाडी मागून घ्यावी लागली, तिचे चाक चिखलात दोनदा रुतले, उन्हात दुपार कलली. चर्चपाशी पोहोचलो तेव्हा पाद्रीबाबांनी नाकाला रुमाल लावला होता. त्यांचा मला राग नाही. पण तो रुमाल मी विसरलेलो नाही.

दोन. राहते घर, परसातली बाग आणि शेळ्या माझी मुलगी सिसिली हिला. तिच्या नवऱ्याने यात सल्ला देऊ नये. त्याचे सल्ले ऐकून त्याच्या बापाची गिरणी बसली. शिवाय पिठाच्या पेटीखाली जे आहे तेही सिसिलीला. इंग्रजीतला धर्मग्रंथ सुतारांनी वाचू नये, बायकांनी वाचू नये, असा कायदा दोन वर्षांपूर्वी झाला, म्हणून ते काय आहे हे मी लिहीत नाही. पोरी, त्याच्यावर पीठ सांडू देऊ नकोस. आणि रोज वाच.

बागेतल्या वाटाण्यातला आणि कोबीतला हरणांचा वाटा त्यांनी माझ्या हयातीतच उचलला आहे. त्यांना आणखी काही नाही.

तीन. कुऱ्हाडी, करवत, रंधे आणि ओंडक्यातून फळ्या फोडायचे जड पाते शेजारी डेनिस फर्लाँग याला. अट एकच: या हत्यारांनी त्याने राजाच्या कुंपणासाठी एकही फळी फोडून देऊ नये. मी सहा हजार फोडून दिल्या. कारभारी मला म्हणाला होता, “टर्विल, तुमच्या वाटेवर दोन्हीकडं दारं ठेवू. किल्ली तुमच्याच भावाकडं. मग अडचण कसली?” मी अर्ध्या इंग्लंडातले उपदेशक ऐकलेला, राजांचे इतिहास रात्र रात्र वाचलेला माणूस, आणि या एका वाक्यावर विरघळलो. कुंपण उभे राहिले, दारे लागली, कुलपे लागली. माझ्याच हाताने मी माझ्या वाडीला कोंडले. जमीनदारीच्या न्यायसभेत मी तीन वेळा उभा राहिलो. तिन्ही वेळा कारभारी म्हणाला, “वाटेचा कागद दाखवा.” लोकहो, वाटेला कागद नसतो. वाटेला पावले असतात, आणि ती याच माणसाने पुसली.

राजेसाहेबांविरुद्ध इथे एक शब्दही नाही. त्यांच्या वडिलांच्या कारकिर्दीत त्याच रानात आमची डुकरे ओकची फळे खात होती. पुढे यांच्या शिकारीसाठी रान बंद झाले. आणि नऊ वर्षांत हे इथे एकदाही आलेले नाहीत. बसल्या जागी बाण सोडता यावा म्हणून मी बांधलेल्या मचाणावर कावळ्यांनी घरटी केली आहेत. जो माणूस आलाच नाही त्याच्यावर मी कसला आरोप करू? त्याच्या नावाने जे रोज आमच्या दारात येतात, त्यांच्यावर करतो.

चार. दार उघडले नाही तर काय करावे, तेही लिहून ठेवतो. कुंपणाच्या पश्चिम बाजूला हरणांच्या उडीची जागा आहे. बाहेरून मातीचा चढ, वर बुटकी फळी, आत खोल चर. बाहेरचे हरीण सहज आत उडी मारते आणि मग राजाचे होते, कारण आतून त्याला ती उंची चढवत नाही. ही लबाडी मीच बांधली. तिथून मला आत सरकवावे. उचलणाऱ्यांनीही आत उतरावे आणि उत्तर दाराशी जाऊन बसावे. मेलेला माणूस राजाच्या हरणांत ठेवून घेणे कारभाऱ्याला परवडणार नाही. तो स्वतः धावत येऊन चर्चकडचे दार उघडील.

आज चार जून. पाच दिवसांनी रान बंद होईल. तोवर जीव धरून ठेवायचा, आणि मग सोडायचा, असा माझा प्रयत्न आहे. बंदीच्या महिन्यात जे दार उघडले, ते पुढे कोणत्या तोंडाने लावतील?

पाच. या मृत्युपत्राचा व्यवस्थापक म्हणून मी माझा भाऊ रोलंड टर्विल याला नेमतो. मृत्युपत्रात लिहिल्याप्रमाणे मला पोहोचवण्याची शपथ त्याने बिशपच्या अधिकाऱ्यापुढे घ्यावी. पार पाडले तर आमच्या बापाचा ओकचा कोरीव पलंग त्याचा. लहानपणापासून त्याचा त्या पलंगावर डोळा आहे. नाकारले तर तो पलंग फोडून सिसिलीने चुलीत घालावा.

वरील सर्व मजकूर आज साक्षीदारांपुढे मोठ्याने वाचला. रोलंडला बोलावले होते. तो दाराशी उभा राहून ऐकत होता. पाचवे कलम आले तेव्हा म्हणाला, “मलाच का ओढतोस यात? जगाला दुसरा माणूस नाही?”

“माणसं पुष्कळ आहेत. किल्ली एकाकडेच आहे.”

“कारभारी मला हाकलतील.”

“हाकलतील. मग पाच मैलांत सगळ्यांना कळेल, की इथून प्रेत गेलं म्हणून राखणदार गेला. वाटेला तेवढाच कागद पुरे.”

त्याने कमरेच्या किल्लीवर हात ठेवला. मग त्याने विचारले, “किती जण उचलणार?”

“चौघं.”

“चौघं आडवे मावायचे नाहीत. दार अरुंद आहे. दोघं पुढं, दोघं मागं ठेवा.”

“दार मीच केलंय, रोलंड.”

“मग तुला ठाऊकच आहे,” असे म्हणून तो निघून गेला. त्याने सही केली नाही. नाही असेही म्हणाला नाही. साक्षीदारांनी दोन्ही गोष्टी नोंदवाव्यात.

मागचे सगळे कागद रद्द समजावेत. हाच शेवटचा.

सही: ॲम्ब्रोज टर्विल

साक्षीदार: डेनिस फर्लाँग, चाके बनवणारा (निशाणी), इझॉट ब्रॅम्हॉल, विधवा, सुईण (निशाणी), पीटर ॲस्क्यू, चर्चचा सेवक (सही)

मुक्काम हेदरकोम, खालची वाडी. आठव्या हेन्री राजांच्या राज्याचे सदतिसावे वर्ष, चार जून, सन पंधराशे पंचेचाळीस.