नागिणीची मापे

दिघी,
१३ फेब्रुवारी २०२५

ती. कौशल्याताईस,

सयाजीचा नमस्कार. दिवाळीनंतर तुला एक ओळही लिहिली नाही, त्याबद्दल क्षमा कर. (कामाचा व्याप होता असे लिहिणार होतो, पण रोज डायरीची दोन पाने भरतो, तेव्हा ते खरे नव्हे.) तुझा गुडघा कसा आहे? भावोजींचा आवाज फोनवर खणखणीत लागतो, म्हणजे त्यांचे ठीक असावे. अंजली माझ्या सासूबाईंच्या ऑपरेशनसाठी नांदेडला गेली आहे, घरी मी एकटाच. बाकी मी खुशाल, असे लिहायची पद्धत आहे, पण खुशाल नाही. मला नागीण झाली आहे.

घाबरू नकोस. ते काम आमच्या कंपनीने आपसांत वाटून घेतले आहे. गेल्या गुरुवारी उजव्या बरगडीखाली अशी आग सुरू झाली की शर्ट घासला तरी निखारा टेकवल्यासारखे वाटे. आधी मी मुतखड्याला दोष दिला, मग कंपनीच्या बसच्या सीटला. शनिवारी पाठीच्या कण्यापासून बेंबीपर्यंत पाणीभरल्या फोडांचा पट्टा उठला. सोमवारी स्टोअरमधल्या मारुतरावांनी (हे मूळ निघोज्याचे, कंपनी उभी आहे ती जमीन त्यांच्या चुलत्याची होती, त्यामुळे कंपनीतल्या माणसांची शरीरेही ते आपल्याच मालकीची समजतात) माझा शर्ट वर करायला लावून निदान केले. "नागीण हाय राव ही. ह्ये तोंड, ही शेपटी. कमरेला येढा घालून दोन्ही भेटली की माणूस गेला. आमच्या आत्याचा दीर तसाच गेला." तो दीर ट्रॅक्टरखाली गेला होता, हे मला मागाहून कळले. मारुतरावांचे म्हणणे, ट्रॅक्टरखाली ढकलले कुणी?

मी बी.एस्सी. झालेला माणूस. मी त्यांना समजावले की लहानपणी कांजिण्या येतात, बऱ्या होतात, पण त्यांचा विषाणू जात नाही. लग्नाचा पाहुणा निघून गेला असे सगळ्यांना वाटावे आणि तो माळ्यावर गादी टाकून राहिलेला असावा, तसा तो कण्याशेजारच्या मज्जापेशींत दडी मारून बसतो. तीस-चाळीस वर्षे काही खात नाही, पीत नाही, मागत नाही. आपण थकलो, प्रतिकारशक्ती ढिली पडली, की उठतो आणि त्याच मज्जातंतूच्या वाटेने कातडीपर्यंत चालत येतो. वाटेत तंतू सुजवतो, म्हणून फोडांच्या आधी आग. "साप नाही मारुतराव, विषाणू." ते म्हणाले, "त्येच म्हंतोय मी. विषारीच आसती ती." यापुढे विज्ञानाने काय करावे?

गंमत अशी की तोंड आणि शेपटी भेटणे मुळात अवघडच. उजवीकडचा मज्जातंतू उजव्याच अंगाला पुरतो. पोटाच्या मध्यावर त्याची हद्द संपते आणि पलीकडे डाव्या भावाचे राज्य. हे मी स्टोअरमध्ये, कॅन्टीनमध्ये आणि बसमध्ये तीन वेळा आकृती काढून सांगितले. (आता कबूल करतो. त्याच संध्याकाळी घरी येऊन मी टेपने तोंडापासून शेपटीपर्यंतचे मोकळे अंतर मोजले. एकदा सेहेचाळीस सेंटिमीटर आले, एकदा साडेचव्वेचाळीस. वीस वर्षे क्वालिटी विभागात काढलेल्या माणसाला दीड सेंटिमीटरचा फरक झोपू देत नाही. तो मोजमापातला दोष आहे की नागीण सरकते आहे, हे ठरवायला टेपचे मागचे टोक धरणारे कुणीतरी हवे होते. ते मंगळवारी मिळाले, त्याबद्दल खाली.)

मारुतरावांनी गेरू कालवून आणला होता आणि मी तो लावून घेतला. श्रद्धा म्हणून नव्हे, गार लागतो म्हणून, असे डायरीत लिहिले, मग खोडले, मग पुन्हा लिहिले. बुधवारी दवाखान्यात गेलो. डॉक्टर तेजस्विनी तुझ्या योगिनीएवढी असेल. तिने माझी लाल पाठ पाहिली आणि विचारले, "काका, प्रायमर मारलाय, फिनिशिंग कोट कधी?" गेरू पुसायला तिला पाऊण तास लागला. गोळ्या फोड उठल्यापासून तीन दिवसांत सुरू झाल्या तर खरा उपयोग, ती म्हणाली. म्हणजे मी मारुतरावांच्या अडाणीपणावर आकृत्या काढत होतो, तेव्हा हेच तीन दिवस सरत होते.

मग तिने विचारले, "घरात कुणी गरोदर आहे का?" मी म्हणालो, "घरात नाही." "बरं झालं. फोडातलं पाणी लागलं आणि तिला पूर्वी कांजिण्या झालेल्या नसल्या, तर तिला आणि बाळाला धोका असतो. दहा दिवसांच्या आत इंजेक्शन द्यावं लागतं." मी मान हलवली. "घरात नाही" हे वाक्य शब्दशः खरे होते, ताई.

आज दाखला घेऊन कंपनीत गेलो. त्यावर 'हर्पीस झोस्टर' लिहिले आहे. एचआरमधल्या प्रज्वलने तो वाचला, उठून दार लावले आणि आवाज उतरवला. "सर, हे पर्सनल आहे. पण आपल्याकडे लेडीज स्टाफ पण आहे." मी म्हणालो, या विषाणूंचे आडनाव एक, घरे वेगळी, तुझ्या मनात आहे तो गुप्तरोगवाला भाऊबंद दुसरा, आमचे जाणे-येणे नाही. तो म्हणाला, "सर, मी जज करत नाही." मराठीत सांगावे तर साप, इंग्रजीत सांगावे तर बाहेरख्याली! दोन्हीकडच्या मूर्खांना हात जोडून रजा घेऊन आलो.

भावोजींना नमस्कार. गुडघ्याला जप.

तुझा,
सयाजी

ता. क. : मंगळवारी योगिनी मोशीहून डबा घेऊन आली होती. सातव्या महिन्यातही रिक्षाने एकटी आली, मी रागावलो. धपाटी अगदी तुझ्यासारखी झाली होती.

ता. ता. क. : टेपचे मागचे टोक तिने धरले. मीच सांगितले. तिने विचारले, "मामा, हे ओलं काय लागतंय?" मी म्हणालो, "गेरू." गेरू सकाळीच वाळला होता आणि मला ते ठाऊक होते. भाचीसमोर फोड म्हणायला मला लाज वाटली. तिने बोटे ओढणीला पुसली. वरच्या सगळ्या पानांत मी कुणाकुणाला मूर्ख म्हटले, ते आता वाचवत नाही. मारुतरावांनी निदान त्यांच्या सुनेला माझ्यापासून लांब ठेवले असते.

एवढेच विचारायचे होते : योगिनीला लहानपणी कांजिण्या आल्या होत्या का? मला आठवत नाही. काल सहज म्हणून तिलाच फोनवर विचारले, तर म्हणाली, "आईला माहीत असेल. का हो मामा?" मी म्हणालो, "काही नाही." तुला आज दोनदा फोन केला. दोन्ही वेळा भावोजींनी उचलून स्पीकरवर टाकला आणि दोन्ही वेळा मी बार्शीच्या हवेची चौकशी करून ठेवला. म्हणून हे पत्र. पण पत्र पोचायला चार दिवस, तुझे उत्तर यायला चार, आणि दहातले दोन मी आधीच घालवले.

(डायरीत) उद्याचे काम : सकाळी सहाला ताईला फोन, स्पीकर असो-नसो, आधी कांजिण्या, मग खुशाली.