एक नंबरची दोरी

प्रिय कॅलममामा,

लिहिण्यात चुका असतील, सांभाळून घे. शाळा सोडल्यापासून सवय गेलीय आणि टाईप एका बोटानं करतेय. फोन केला असता, पण तुझा आवाज ऐकला की माझी बोबडी वळते.

आजोबा बरे आहेत, म्हणजे तसे बरे नाहीत. डॉक्टरबाई म्हणाल्या, नाताळपर्यंतचं सांगता येत नाही. आजोबांना मात्र त्याचं काही नाही. बाजारात कोणी विचारलं, "तुम्हीच ना तो बुडालेला फौजदार?" की दिवसभर खूश. चाळीस वर्षं सिनेमात काढली, पण पात्राला नाव असं तीनदाच मिळालं. बाकी सगळं दुसरा पोलीस, तिसरा कोळी, कोपऱ्यातला दारुडा. "पडद्यावर अकरा वेळा मेलोय, हात बसलाय," म्हणतात.

मंगळवारी त्यांनी स्वतःच्याच दफनाची तालीम घेतली. खरंच. दोऱ्यांनी खाली सोडताना शवपेटी खड्ड्यात वाकडी जायला नको म्हणे. धुण्याच्या टोपलीत बटाटे भरले, आठ दोऱ्या बांधल्या आणि शेजाऱ्यांना बैठकीच्या खोलीत उभं केलं. शेजारच्या आर्चीला म्हणाले, "चार नंबर, दुःख नंतर कर, आधी दोरी सैल सोड. तुझ्याकडे कोणी बघत नाहीये." आर्ची म्हणाला, "तूच बघतोयस की, म्हाताऱ्या." सगळे इतके हसले की बटाटे सांडले.

डोक्याकडची एक नंबरची दोरी रिवाजानं थोरल्या मुलाची. ती त्यांनी कोणालाच दिली नाही, खुर्चीच्या पायाला बांधली. आर्चीनं विचारलं, इथं कोण? आजोबा म्हणाले, "कॅलम. शूटिंगवर आहे."

तू हॅलिफॅक्सला नळ दुरुस्त करतोस हे सगळ्यांना माहितेय, तरी कोणी हसलं नाही. आई सांगते, तुझ्या प्रत्येक वाढदिवसाला आजी तुला हेच सांगायची, बाबा शूटिंगवर आहेत. तुझ्या लग्नातही तेच झालं, आणि तेव्हापासून तू त्यांच्याशी बोलत नाहीस. मंगळवारी मी खाली वाकून बटाटे गोळा करत राहिले.

म्हणून लिहितेय. दोरी धरायला येऊ नकोस, ती मी धरीन. तू आधी ये, ते खुर्चीत बसून तुझ्याशी भांडू शकतात तोवर. त्यांनी मला लिहायला सांगितलेलं नाही. तुला राग आला तरी चालेल, इथं येऊन चिडून घे.

तुझीच भाची,
कर्स्टी

ता. क. खाली बंदरावर गडबड चाललीय. एक भला मोठा सील पाण्यातून वर येऊन थेट बेकरीत शिरलाय. मी जाते. असलं बघायला तरी ये.