मागची भिंत

रविवार, महालक्ष्म्यांच्या सुट्टीतला.

अब्बा, तुम्ही गेल्यापासून तुम्हाला एक ओळ लिहिली नाही, माफ करा. तुम्ही फक्त उर्दू वाचायचात आणि मला मात्र मराठी शाळेत घातलंत. हे तुम्हाला वाचता येणार नाही, याचा आज आधारच वाटतो.

मागच्या भिंतीला पोट आलंय. दुपारी तीन नंबरच्या खोलीत भिंतीवर ठोकलेली प्लास्टिकची पट्टी उचकटली, तर गिलावा ओल्या भाकरीसारखा हातात आला. वरून ओळंब्याचा दोरा सोडून पाहिला. मधोमध भिंत चार बोटं खोलीत शिरलीय. पुन्हा सोडला. चारच.

भूकंपाच्या साली मी आठवीत होतो. लातुरात सगळे बाहेर झोपत होते. आपणही अंगणात, याच भिंतीशेजारी. तुम्ही किल्लारीकडच्या खेड्यांत दगड उपसून आठव्या दिवशी परत येता आणि हातपाय न धुता भिंतीला गाल लावून उभे राहता. अम्मा म्हणते, "पहिले रोटी तो खाओ जी, दीवार कहाँ भाग के जारी?"

"भागी तो अच्छा. गिरी तो?"

मग तुम्ही भिंतीच्या पायाशी पावला-पावलावर वीतभर भोकं पाडलीत. पलीकडची जागा उंच, पावसाचं पाणी भिंतीमागे साचायचं. "मिट्टी-पत्थर की है. पानी आएंगाच. उसकू जाने का रास्ता रखना." मी विचारलं, चूहे आएंगे तो? तुम्ही टपली मारलीत. "चूहा आदमी नै मारता."

पुढे क्लासेस वाढले, गल्लीतल्या प्रत्येक अंगणात मुलांसाठी भाड्याच्या खोल्या उठल्या. मीही तीन बांधल्या. तीन बाजू विटांच्या, चौथी तुमची भिंत, पत्रे तिच्यावरच टेकलेले. खोली बघायला आलेला एक पालक वाकून म्हणाला, "सर, इथून उंदीर यील की." त्याच संध्याकाळी मी सगळी भोकं सिमेंटनं बुजवली. खोली भाड्यानं गेली, आणि मला शहाणपणा केल्यासारखं वाटलं. त्यानंतर दरवर्षी पांढरा क्षार फुटायचा, रंगाचे पोपडे निघायचे, आणि मी प्रवेशाच्या आधी नवा रंग मारून घ्यायचो; यंदा रंगाऐवजी प्लास्टिकच्या पट्ट्या ठोकल्या. ओल कुठून येते हे बी.एस्सी. झालेल्या माणसाला कळत नव्हतं असं नाही.

मागच्या आठवड्यात देवणीची मुलगी म्हणाली, "सर, अभ्यास आम्ही करायलो अन् घाम भिंतीला यायलाय!" सगळ्या हसल्या. मीही हसलो. म्हणालो, "पावसाळा हाय, फॅन लावा." तिची उशी त्याच भिंतीला टेकलेली होती.

तिन्ही खोल्यांतल्या सहाही मुली सणाला गावी गेल्यात. उद्या पहिल्या गाडीनं निघतील. या दिवसांत लातुरात एक खोली मोकळी नाही, आणि परवापासून त्यांच्या चाचण्या आहेत. त्यांना मी कुठे ठेवू, अब्बा? दोन बल्ल्यांचा टेकू देऊन वर्ष काढता येईल का, हेही पाहिलं. खाट समोरच्या भिंतीला सरकवली आणि तुमच्या भिंतीपासून पावलं मोजू लागलो. तिसऱ्या पावलावर लक्षात आलं, दगड कुठवर येतील ते मी मोजत होतो.

मग मुलींच्या घरी कळवायला घेतलेला फोन खाली ठेवला. आज त्यांच्या घरी पंगती असतील, कशाला विरजण घालायचं, असं स्वतःला सांगितलं. हे कारणही मीच काढलेलं.

हे पत्र वहीतच राहील. कबरीपाशी येऊन बोलायचं धाडस नाही, म्हणून इथेच सांगतो. हे पोट मी गेल्या दिवाळीलाच पाहिलं होतं. पट्ट्या ओल झाकायला लावल्या नव्हत्या, हे पोट झाकायला लावल्या होत्या.

उद्या : पहिली गाडी सुटायच्या आत सहाही घरी फोन.