दोन जिभांचा नियम

अप्पा, तुमची मुलगी बिअर पिते. हे पहिल्याच वाक्यात सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे जे सांगायचं आहे त्याच्या मानाने ते किरकोळ वाटेल. तुम्ही जाऊन पंचवीस वर्षं झाली, तेव्हा रागवायची सोय तुम्हाला नाही, आणि खरं सांगायचं तर तोंडही नाही. आठव्या वर्षी मला कराडच्या औषधालयाच्या मागच्या खोलीत उभं करून चमच्याने द्राक्षासव पाजणारे तुम्हीच. त्यातही मद्य होतंच, फक्त ते श्लोक म्हणून झाल्यावर मिळायचं. सांगायचं आहे ते तुमच्या शेवटच्या द्राक्षासवाबद्दल. तीस वर्षं राहून गेलं होतं. गेल्या महिन्यात एका बिअरच्या बाटलीने ते वर काढलं.

इथे अमेरिकेत, आमच्या श्रूजबरी गावात, महिन्यातून एका रविवारी, दुपारी चार वाजता, आमच्या तळघरात बिअरची परीक्षा असते. परीक्षक चौघं. मी, तुमचे जावई, त्यांच्या ऑफिसातला नागपूरचा एक तरुण, जो मला काकू म्हणतो आणि माझ्या चकल्यांसाठी येतो, आणि डॉक्टर. डॉक्टर सत्तरीचे, आमच्या पंधरा वर्षं आधी इथे आलेले, आता निवृत्त. दोन वर्षांपूर्वी त्यांची बायको गेली. त्यानंतर एक दिवस ते मोठी पातेली, नळ्या आणि जवाची पोती घेऊन आले आणि घरीच बिअर करायला लागले. लोक दुःखात देवधर्माला लागतात, डॉक्टर किण्वनाला लागले. कल्पना मात्र तरुणाची. इंटरनेटवर जगभरचे लोक निरनिराळ्या बिअरला गुण देतात, हे त्याने लॅपटॉपवर दाखवलं. तुमच्या जावयांना पिण्यासाठी एक कारण हवं होतं, हा तर अख्खा अभ्यासक्रम निघाला. ते दर वेळी पॅकेज स्टोअरमधून चार-पाच बाटल्या आणतात. दारूच्या दुकानाला इथे तसं म्हणतात, जणू आत साखरेचे पुडे मिळतात.

बाटलीवरचं नाव दिसू नये म्हणून प्रत्येक बाटलीला गळ्यापर्यंत लोकरी पायमोजा चढवतात. धुतलेला असतो, मी स्वतः बघते. मोज्याला आकड्याची चिठ्ठी. प्रत्येकापुढे कागद, त्यावर रंग, वास, चव आणि शेवट, मिळून वीस गुण. दोन बिअरच्या मध्ये तोंड कोरं करायला साळीच्या लाह्या. आणि मुख्य नियम, आधी लिहायचं, मग बोलायचं. तो नियम तुमचा आहे हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं. डॉक्टर म्हणाले, तुमचे वडील मोठे शास्त्रज्ञ दिसतात. मी म्हटलं, वैद्य होते, पण संशय शास्त्रज्ञाचा होता.

तुम्हाला गंमत वाटली असती. पिल्सनर नावाची एक पिवळी, सरळमार्गी बिअर असते, पहिल्या बाकावर बसणाऱ्या मुलीसारखी. चुका नाहीत आणि आठवणही नाही. गव्हाची बिअर गढूळ असते आणि तिला केळ्याचा नि लवंगेचा वास येतो. त्यात केळंही नसतं, लवंगही नसते, ते सगळं आंबवणाऱ्या यीस्टचं कर्तृत्व, असं डॉक्टरांनी समजावलं. स्टाउट म्हणजे करपलेल्या भाकरीचा पापुद्रा कॉफीत बुडवलेला. ती मला आवडते, हेही सांगून टाकते. आणि एक इंडिया पेल एल म्हणून आहे. नाव वाचून तरुण खूश झाला, ही तर आपली. एक घोट घेतला आणि म्हणाला, “काकू, ही तर कडूजहर आहे यार.” मी कागदावर लिहिलं, तिक्त, किंचित कषाय, चिराइताच्या काढ्यासारखी. फरक एवढाच की चिराईत पिताना कोणी मित्र जमवत नाही. एकदा बेल्जियमची मुद्दाम आंबट केलेली बिअर आली होती. जावयांनी ती नासली म्हणून शून्य दिलं आणि मोजा काढल्यावर सगळ्यांत महाग तीच निघाली. तेव्हापासून आंबट लागलं की सगळे जपून बोलतात.

मला मात्र आंबट आणि नासलेलं यांतला फरक कळतो, कारण तुम्ही तो माझ्या जिभेवर बसवलात. डोळ्यांपुढे अजून मागच्या खोलीतल्या त्या चार मोठ्या बरण्या आहेत, मनुका, गूळ, धायटीची फुलं आत, तोंडावर बशी आणि कापडमातीचा लेप. महिना झाला की तुम्ही बरणीला कान लावता. मग मलाही लावायला सांगता. आत कोणीतरी हळू आवाजात पाठांतर करतंय असं मला वाटतं. आवाज थांबला की लेप फोडायचा आणि पेटलेली काडी तोंडाशी धरायची. विझली तर आत अजून काम चालू, जळत राहिली तर चव घ्यायची. एकच चमचा, धुऊन, आधी तुम्ही, मग मी. दोघांनी पाठ फिरवून वेगवेगळ्या पाटीवर लिहायचं. बोललेली चव दुसऱ्याच्या जिभेवर बसते, असं तुम्ही म्हणायचात, म्हणून जिभा दोन हव्यात आणि दोन्ही मुक्या हव्यात. मी पहिल्या वेळी पाटीवर ‘छान’ असं लिहिलं होतं. तुम्ही ते बोटाने पुसलंत. “छान ही चव नाही,” म्हणालात. “छान हा शिष्टाचार आहे.” मग सहा रस म्हणायला लावलेत, क्रमाने आणि उलट क्रमाने. तयार झालेल्याला ‘सिद्ध’ लिहायचं आणि बिघडून आंबलेल्याला ‘शुक्त’. तिसरा शेरा नव्हता. बरं-वाईट असं काही तुमच्या खोलीत चालायचं नाही.

मी बावीस वर्षांची असताना तुम्हाला तो ताप आला. आठ दिवस अंथरुणात होतात. उठलात, औषधालय उघडलंत, सगळं पूर्वीसारखं. पण एका सकाळी तुम्ही स्वयंपाकघरात पाटावर बसून वर्तमानपत्र वाचत होतात आणि चुलीवर आमटी बुडाला लागली. आई अंगणातून धावत आली. मी माजघरातून आले. तुम्ही चुलीपासून दोन हातांवर, आणि आम्ही दोघी अशा का धावतोय हे तुम्हाला कळेना. आई म्हणाली, वाचनात माणूस असा बुडतो. मला तेव्हाच समजलं होतं की तुमचं नाक गेलं आहे, आणि नाकाबरोबर बरीचशी जीभही.

त्यानंतर दोन आठवड्यांनी द्राक्षासवाची बरणी फोडली. काडी जळत राहिली. तुम्ही चमचा घेतलात, डोळे मिटलेत, नेहमीपेक्षा जास्त वेळ मिटलेत. मग मला दिला. जिभेला लागायच्या आधीच नाकाला कळलं. तीक्ष्ण, वर चढणारा वास. शुक्त. पाठ फिरवायची होती, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी फिरवली नाही. तुमच्या पाटीकडे बघितलं. तुम्ही ‘सिद्ध’ लिहिलं होतं, सुवाच्य अक्षरात, वर रेघ सरळ. मी माझ्या पाटीवर ‘सिद्ध’ लिहिलं. बाटल्या भरल्या गेल्या.

तीन आठवड्यांनी पेन्शनर मामलेदार बाटली हातात धरून आले. बाकावर पाच-सहा रोगी बसलेले. “वैद्यबुवा,” ते म्हणाले, “हे प्यायचं की कोशिंबिरीत घालायचं?” बाकावरचे हसले. तुम्ही बूच काढलंत, वास घेतलात, चव घेतलीत. मी तुमच्या चेहऱ्याकडे बघत होते आणि तिथे काहीच उमटलं नाही. तुम्ही मामलेदारांची माफी मागितलीत आणि मागच्या खोलीत आलात. मी चूर्णाच्या पुड्या बांधत होते. तुम्ही विचारलंत, “तुला कळलं होतं?”

मी नाही म्हणाले.

त्यावर तुम्ही जे केलंत त्याने मी आजही चकित होते. तुम्ही माझी जीभ बाहेर काढायला लावून उजेडात तपासलीत आणि म्हणालात, हिचीही गेली म्हणजे कठीण आहे. मला महिनाभर सकाळी त्रिफळ्याचा काढा, अर्धा चुळा भरायला, अर्धा प्यायला. तो उपचार होता की शिक्षा, हे तुम्ही कळू दिलं नाहीत. आसवं करणं तुम्ही थांबवलंत. बरण्या घासून आईला लोणच्यासाठी दिल्यात. तिला आनंद झाला. पुढच्या वर्षी माझं लग्न झालं आणि निघताना तुम्ही तो चमचा माझ्या हातात ठेवलात, कागदात गुंडाळून. मला तेव्हा वाटलं, तुम्हाला सगळं माहीत आहे. विमानात बसेपर्यंत वाटलं, काहीच माहीत नाही.

आता गेल्या महिन्यातलं. पाच बाटल्या मोजे घालून टेबलावर आल्या. डॉक्टरांनी सांगितलं होतं की या वेळी एक बाटली त्यांच्या घरची असेल, कोणती ते विचारू नका. थँक्सगिव्हिंगच्या सणाला त्यांची मुलगी लांबच्या बॉथेल गावाहून येणार, होणारा जावई आणि त्याचे आईवडील पहिल्यांदाच घरी येणार, आणि डॉक्टरांना त्यांच्यापुढे स्वतःची बिअर ठेवायची होती. दोन खोकी भरून तयार होती. “अगदी निर्दयपणे मार्क द्या,” ते म्हणाले, आणि हसले. आता हसणाऱ्या माणसाला निर्दयपणे मार्क कसे द्यायचे? त्यातून त्यांच्या बाटल्यांना तारेचा खटका असलेलं चिनीमातीचं बूच असतं. चौथ्या बाटलीच्या गळ्याशी मोजा सशाच्या कानासारखा वर आला होता. ती कोणाची हे आम्हा तिघांना दिसत होतं. आम्हाला दिसतंय हे फक्त डॉक्टरांना दिसत नव्हतं.

चौथा पेला नाकाशी नेला आणि मी कराडच्या मागच्या खोलीत उभी होते. बेल्जियमचं आंबट नव्हतं ते. ते उनाड असलं तरी घरंदाज असतं. हा तोच वर चढणारा वास होता. समोर तरुण भराभर लिहीत होता. जावई छताकडे बघून विचार केल्यासारखं करत होते. डॉक्टरांनी घोट घेतला, डोळे मिटले, जास्त वेळ मिटले. माझ्या लक्षात आलं, मघापासून ते वासाचा रकाना कोरा ठेवून आमचं बोलणं झाल्यावर भरत होते. मी पेन्सिल धरून बसले. पाठ फिरवली, अप्पा, खुर्चीसकट. जावयांना वाटलं मला शिंक येतेय.

कागद वाचायची वेळ आली. तरुणाने पंधरा दिले होते, जावयांनी सोळा, डॉक्टरांनी स्वतःला संकोचाने चौदा. मी वाचलं, “शुक्त. चार.”

डॉक्टरांनी विचारलं, म्हणजे काय. मी म्हटलं, “आंबली, डॉक्टर. व्हिनेगरच्या वाटेला लागली आहे.” तरुण घाईने मदतीला आला, काकू, त्या बेल्जियमवाल्यासारखी स्टाइल असेल ना. मी नाही म्हटलं. जावयांनी टेबलाखालून माझा पाय दाबला. लग्नाच्या एकोणतीस वर्षांतल्या माझ्या आमटीपेक्षा त्यांना डॉक्टरांच्या बिअरची जास्त काळजी, असं मनात आलं.

डॉक्टरांनी पेला खाली ठेवला. म्हणाले, “मला मार्चपासून वास येत नाही. मुलीला बोललो नाहीये.” त्यांनी मान वर केली. “वहिनी, तुम्हाला कधी कळलं?”

“पहिल्या घोटाच्या आधी,” मी म्हटलं.

ते रागावतील, उठून जातील, असं वाटलं. त्यांनी लाह्यांची वाटी ओढून घेतली आणि एक-एक लाही खायला लागले. “बरं झालं,” एवढंच म्हणाले. जाताना दाराशी कोट घालता घालता विचारलं, पुढच्या शनिवारी घरी याल का, दुसरं खोकं वेगळ्या दिवशी भरलेलं आहे. मी चमचा घेऊन गेले. पहिलं खोकं आम्ही मोरीत ओतलं. दुसऱ्यातली चव घेतली, मधुर, मग तिक्त, शेवट कोरडा. डॉक्टर पेन धरून बसले होते. “म्हणजे छान?” त्यांनी विचारलं. मी काय उत्तर दिलं ते तुम्हाला माहीत आहे. त्यांनी ‘सिद्ध’ लिहिलं, मी सांगितल्याप्रमाणे, र्‍हस्व-दीर्घासकट. थँक्सगिव्हिंगला व्याह्यांनी दोन-दोन पेले घेतले. मुलीला आता नाकाचं माहीत आहे. त्यांनी स्वतःच सांगितलं.

हे सगळं मी परीक्षेच्या कोऱ्या राहिलेल्या कागदांच्या मागे लिहिते आहे, आणि लिहून झालं की आमच्या गुणांच्या वहीत जाईल, पिल्सनर आणि स्टाउटच्या मधे. पत्ता तुमचा मला माहीत नाही, आणि माहीत असता तरी धीर झाला असता की नाही, कोण जाणे. मला कळलं होतं, अप्पा. तुम्ही पाठ फिरवून उभे होतात आणि मला कळलं होतं. तुमचं नासलेलं औषध मी लोकांपर्यंत जाऊ दिलं, आणि तुमची एकट्याची जीभ गेली नाही असं तुम्हाला वाटू दिलं. दोन्हींतलं कुठलं जास्त वाईट, त्याला मी अजून गुण दिलेले नाहीत.

आणि तो त्रिफळ्याचा काढा मी एक दिवससुद्धा घेतला नाही. रोज सकाळी मागच्या जास्वंदीला घालत होते. ती त्या वर्षी छान फुलली होती.