सतराव्या ओळीतली गाठ

ती. सौ. वन्सं यांना थोरल्या भावजयीचा वाकून नमस्कार. (थोरल्या हे मुद्दाम लिहिलं, कारण हल्ली या घरात त्याचा सगळ्यांना विसर पडत चाललाय.)

तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का, तुमच्या यजमानांचा खोकला बसला का, धाकटीच्या परीक्षा झाल्या का, ते सवडीने कळवा. इकडे देवाच्या कृपेने सगळे धडधाकट आहेत. तुमचे बंधू बरे आहेत. बरे म्हणजे दोन वेळा पोटभर जेवतात आणि मधल्या वेळात धाकट्या जाऊबाईंचं कौतुक करतात. (कागद जुन्या कॅलेंडरचा आहे. मागची बाजू कोरी असताना नवा कागद घेणं मला पाप वाटतं. पलीकडे मार्च महिना दिसेल, तिकडे लक्ष देऊ नका.)

आता तुम्ही म्हणाल, सुरुवातीलाच जाऊबाई आल्या. तर तसं नाही. त्यांच्याबद्दल माझ्या मनात काही नाही. असतं तर रोज सकाळी मी देवाशी जे बोलते त्यात आलं असतं. (येतं, पण ते वेगळ्या संदर्भात.) त्या पदवीधर आहेत, मी मॅट्रिक, हे मी कधीच मान्य केलेलं आहे. त्यांचे केस निगा न राखता दाट, त्यांच्या कुंडीत काडी खोचली तरी फुटते, हेही मान्य. प्रार्थनागृहात त्या भजन म्हणायला लागल्या की उपदेशकसाहेब डोळे मिटून घेतात आणि मी म्हणायला लागले की खिडकी लावून घेतात. त्याबद्दलसुद्धा मी कधी चकार शब्द काढलेला नाही. पण वन्सं, माणसाने किती गिळायचं, याला काही माप आहे की नाही?

झालं असं की आमच्या प्रार्थनागृहाच्या महिला मंडळाची विणकामाची पुस्तिका निघतेय, उपदेशकसाहेबच ती छापून घेतायत. छापील, रंगीत मुखपृष्ठाची. तिच्यात पहिल्याच पानावर बाळाच्या स्वेटरचा नमुना आहे आणि त्याखाली ‘रचना’ म्हणून जाऊबाईंचं नाव. मंडळाच्या प्रदर्शनात त्या स्वेटरला पहिलं बक्षीस मिळालं, तेव्हा मीही टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांसारखा हातात घेऊन पाहिला, डाव्या बगलेखाली बोट गेलं आणि तिथेच थांबलं. तिथे एक गाठ होती. मसुराच्या दाण्याएवढी. माझी गाठ.

ही गाठ माझी कशी, ते नीट सांगते. अकरा वर्षांपूर्वी मी एक पिवळा स्वेटर विणत होते. बगलेपासून मोजलं तर सतरावी ओळ. गॅसवर दूध होतं, ते उतू गेलं, मी सुया तशाच टाकून धावले आणि परत येऊन एक टाका जास्त घातला. अठराव्या ओळीत ते लक्षात आलं, तेव्हा दोन टाके एकत्र विणून तो जिरवला. उसवलं नाही, कारण उसवलेली लोकर पहिल्यासारखी राहत नाही. पुढे नमुना वहीत उतरवला तो जसा झाला तसा. हिशेब ठेवणाऱ्या बाईला ती सवयच असते, झालेली चूकसुद्धा लिहून ठेवायची. म्हणजे माझ्या वहीत सतराव्या ओळीला ‘एक टाका वाढवा’ आणि अठराव्या ओळीला ‘तोच कमी करा’ असं आहे, आणि त्याचा जगात कोणालाही काडीचा उपयोग नाही. ती वही चार वर्षांपूर्वी जाऊबाईंनी ‘जरा भजनं उतरवून घेते’ म्हणून दोन दिवस नेली होती. भजनं पुढच्या पानांवर आहेत, विणकाम मागच्या. पदवीधर बाई, पण एक टाका घालून लगेच तोच काढताना तिला एकदाही वाटलं नाही, की हे आपण कशासाठी करतोय?

मी स्वेटर जागच्या जागी ठेवून घरी आले. माझं नाव आजवर एकदाच छापून आलंय, लग्नपत्रिकेत, आणि तिथेही सासऱ्यांचं ठळक होतं, माझं बारीक. त्या स्वेटरखाली ते यावं, एवढंच मला हवं होतं. पण पुरावा काय? गाठ दाखवली तर लोक म्हणणार, गाठी काय, सगळ्यांच्याच पडतात.

अशात उपदेशकसाहेबांनी शनिवारी प्रार्थनागृहात जाहीर वाद ठेवला. विषय: पृथ्वीचं वय आणि माणसाचं मूळ. एका बाजूला ते स्वतः, दुसऱ्या बाजूला कॉलेजातला एक तरुण मास्तर, जो जनुकं शिकवतो. (जनुक म्हणजे आपल्या अंगाचा लिहून ठेवलेला नमुना, आईबापांकडून उतरवून घेतलेला. त्याला सगळे जनुकवालाच म्हणत होते.) सगळी सृष्टी देवाने सहा दिवसांत केली आणि तिला सहा हजार वर्षं झाली, हे आपल्याला ठाऊकच आहे. साहेबांनी फळ्यावर धर्मग्रंथातल्या पूर्वजांची वयं मांडून बेरीज केली. मी पहिल्या रांगेत होते. शतकाच्या घरातला हातचा एक ते विसरले, तो मी बसल्या जागेवरून सांगितला. त्यामुळे पृथ्वी एका मिनिटात शंभर वर्षांनी मोठी झाली. जनुकवाला हसून म्हणाला, “काकू, अजून बरेच हातचे राहिलेत.” मला तो आगाऊ वाटला.

मग त्याने त्याचं सुरू केलं. म्हणे, बऱ्याच प्राण्यांच्या अंगात संत्र्या-लिंबातलं सत्त्व घरच्या घरी तयार होतं. आपल्या अंगातही त्याचा नमुना आहे, पण मोडलेला, म्हणून आपल्याला लिंबू बाहेरून आणावं लागतं. आणि माकडांच्या अंगात तोच नमुना मोडलेला आहे, बराचसा त्याच जागी, त्याच तऱ्हेने. साहेब म्हणाले, त्यात काय? एकाच गवंड्याने दोन घरं बांधली आणि दोन्हींना सारखी दारं बसवली, म्हणून एक घर दुसऱ्याचं भाऊ होतं का? सगळे खूश झाले. (मीही झाले.) त्यावर तो शांतपणे म्हणाला, सारखी दारं असतील तर माझं काही म्हणणं नाही, दारं उपयोगाची असतात. पण दोन्ही घरांत, त्याच खोलीत, त्याच कोपऱ्यात, वर जाऊन भिंतीत संपणारा सारखाच वाकडा जिना असेल तर? शहाणपण दोघांना वेगवेगळं सुचू शकतं. तीच बिनकामाची चूक त्याच जागी दोघांकडे असेल, तर दोघांनी ती एकाच जुन्या वहीतून उतरवली.

वन्सं, ‘वही’ हा शब्द त्याने काढला, मी नाही.

“बरोबर बोलतोय तो!” हे माझ्या तोंडून कधी निघालं ते मलाच कळलं नाही. सगळ्या खुर्च्या करकरत माझ्याकडे वळल्या. साहेबांना वाटलं मला चक्कर आली. पण आता उठलेच होते, म्हणून सगळं सांगून टाकलं. पिशवीतून वही काढली आणि सतरावी-अठरावी ओळ मोठ्याने वाचली. बक्षिसाचा स्वेटर प्रदर्शनापासून तिथेच काचेच्या पेटीत होता. सभेला आलेल्या शिंपीदादांनी तो काढून बगलेपासून नखाने ओळी मोजल्या आणि घसा खाकरून म्हणाले, “सतरावर आहे. गाठ आहे.” जनुकवाला तर असा उजळला, जणू त्याचंच लग्न ठरलं. मागून कोणीतरी विचारलं, “म्हणजे यात माकड कोण?” (तो आवाज तुमच्या बंधूंचा होता. मी ओळखला.)

आणि मग जाऊबाई उठल्या. पदर सारखा केला, हात जोडले. “वहिनी, देवाने तुम्हाला जी बुद्धी दिली तीच मलाही दिली असेल. त्याला का जमणार नाही?” असं म्हणून त्यांनी साहेबांकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. आता साहेब काय म्हणणार? तासभर तेच तर सांगत होते. हळूच म्हणाले, “जमेल. त्याला सगळं जमतं.” झालं! सभा ‘खरंय, खरंय’ करत उठली आणि जाऊबाईंचं नाव जागच्या जागी राहिलं. घरी येताना मला उत्तर सुचलं, की बुद्धी देवाने दिली हे कबूल, पण तीच चूक दोघींना कोणी दिली? देव काय चुका वाटतो? पण वन्सं, ते उत्तरही जनुकवाल्याच्याच बाजूला जाऊन पडतं. मी जिंकले तर माकड जिंकतं, आणि माकड हरलं तर जाऊबाई जिंकतात. असा पेच कोणत्याही सुनेवर आला नसेल.

रविवारी मी साहेबांना गाठून विचारलं. साहेब माणूस सरळ आहे. ते म्हणाले, “बाई, खरं सांगू? वही तुमची आहे हे मला दिसतंय. पण पुस्तिकेत तुमचं नाव घातलं, तर मागोमाग मला माकडही घालावं लागेल.” माझ्या धर्मापायी माझं नाव गेलं, असं म्हणून आले. जाऊबाईंनी त्या दिवशी आम्हाला केक पाठवला. चांगला फुगला होता. माझा फुगत नाही.

त्याआधी शनिवारीच, खुर्च्या रचून ठेवत असताना, जनुकवाला मागे लागला होता. त्याच्या कॉलेजच्या पुस्तकात तो माझा स्वेटर घालतो म्हणाला, उदाहरण म्हणून, नावानिशी. मी त्याला तिथल्या तिथे सांगितलं, बाबा रे, मी श्रद्धावान बाई आहे. माकडाच्या शेजारी नाव छापून घेण्यापेक्षा निनावी मेलेली बरी. माझं खरं नाव देवाकडे लिहिलेलं आहे, मला तेवढं पुरे. तो बिचारा उरलेल्या खुर्च्या रचायला लागला. माझ्या मनाला फार शांतता वाटली. ती तुम्हाला कळावी, म्हणूनच एवढं लांबलचक पत्र लिहिलं. जाऊबाईंवर माझा आता राग नाही. मोठ्यांना माझा नमस्कार, धाकटीला गोड पापा आणि गुडघा शेकत जा.

तुमची (थोरली)
भावजय

ता. क. तो पहिला पिवळा स्वेटर म्हणजे मी तुमच्या धाकटीच्या बारशाच्या वेळी पाठवला होता तोच. तो असेल तर कृपा करून परतीच्या टपालाने पाठवा. धुऊ नका, इस्त्री करू नका आणि डाव्या बगलेखालची गाठ कोणी प्रेमाने कापून टाकली नसेल अशी मी प्रार्थना करते. टपालाचा खर्च मी देईन. तीन दिवसांत हवा. फोटो काढायचाय.

ता. क. २. सोमवारी जाऊन जनुकवाल्याला हो म्हणून आले. शांतता दीड दिवस टिकली. माझं पूर्ण नाव घालायला सांगितलंय, माहेरच्या आडनावासकट. जाऊबाईंनीही आपला स्वेटर फोटोला आनंदाने दिला, आणि मी हरकत घेतली नाही, कारण तो स्वेटरांच्या वंशावळीचं झाडासारखं चित्र काढणार आहे. खोडावर माझं नाव, आणि खाली वाकलेल्या एका बारीक फांदीवर त्यांचं. त्यांनी ते चित्र अजून पाहिलेलं नाही. साहेबांना तुम्ही काही कळवू नका.

ता. क. ३. तो म्हणत होता, “काकू, तुमच्याही वर कोणीतरी असणारच, तुम्ही विणायला कोणाकडून शिकलात?” मी त्याला सांगितलं, माझ्या नावाच्या वर दोन बोटं जागा कोरी सोड, ती देवाची आहे. त्याने सोडली. (शिकले तुमच्याकडून, हे मी कुठेही नाकारणार नाही. पण वन्सं, दोन बोटांत दोघं मावत नाहीत.)