साळूचा नंबर विकल्याबाबत

प्रति,
मा. वनपरिक्षेत्र अधिकारी साहेब,
वनपरिक्षेत्र कार्यालय, बोरखिंड,
ता. आंबेगाव, जि. पुणे.

अर्जदार : प्रितम माणिकचंद गुगळे, वय ४४, धंदा – जुने इलेक्ट्रॉनिक सामान खरेदी-विक्री व दुरुस्ती, रा. आळेफाटा, ता. जुन्नर.

विषय : माझा पहिला अर्ज अर्धवट व दिशाभूल करणारा असल्याने रद्द करून माझा जबाब माझ्याच विरुद्ध नोंदवून घेणेबाबत, तसेच गेणभाऊ लोहकरे यांच्यावरील संशय दूर करणेबाबत.

संदर्भ : १) माझा दि. १/९/२०२५ चा अर्ज (स्वीकारला).
२) माझा दि. ८/९/२०२५ चा अर्ज (स्वीकारला नाही).

महोदय,

उपरोक्त विषयी सविनय सादर करतो की, दि. २९ जून रोजी वडाच्या मळ्याजवळ ओढ्यात जी बिबट्याची मादी क्लचवायरच्या फासात मेलेली सापडली व जिचे चारही पंजे कापून नेलेले होते, तिच्यापर्यंत माणसे कशी पोहोचली हे मला माहीत आहे. त्यांना तिथपर्यंत मी पोहोचवले. आता क्रमाने लिहितो.

१. पुण्यातील एका संस्थेचे उसातल्या बिबट्यांवरचे संशोधन गेल्या वर्षी संपले. त्यांनी जुने सामान लॉटमध्ये विकायला काढले, ते मी रीतसर पावतीने घेतले. त्यात मोडके कॅमेरे, तंबू, बॅटऱ्या, एक रिकामी कॉलर आणि एक रेडिओ रिसीव्हर होता, सोबत तीन दांड्यांचे दोन घडीचे अँटेना. अभ्यासातल्या बिबट्याच्या गळ्यात पट्ट्यासारखी कॉलर असते, तिच्यातून दर सेकंदाला एक ठोका निघतो. हा रिसीव्हर त्या कॉलरच्या नंबरवर लावला आणि अँटेना फिरवला, की ज्या दिशेला जनावर आहे त्या दिशेला टिक् टिक् मोठी ऐकू येते. एवढेच ते यंत्र.

२. रिसीव्हर बंद होता. मी आठ दिवस त्याच्यामागे होतो. गिऱ्हाईक नव्हते, कोणी मागितला नव्हता, पण बंद वस्तू समोर असली की मला चैन पडत नाही. शेवटी तो चालू झाला. झाकणाच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवलेला होता. त्यावर सहा नंबर होते. पाच खोडलेले. सहाव्यापुढे पेनाने लिहिले होते, ‘साळू – वडाचा मळा’. वर्ष-दोन वर्षांनी गळून पडायला हवी होती ती कॉलर साळूच्या, म्हणजे याच मादीच्या, गळ्यातून पडलीच नाही, हे मी दुकानात कोणाकडून तरी ऐकले होते. म्हणजे तो नंबर चालू असणार हे मला कळले होते. कागद फाडायला एक सेकंद लागला असता. मी फाडला नाही. यंत्राबरोबर मूळ कागद असला की वस्तू पूर्ण वाटते, असे आमच्या धंद्यात आम्ही मानतो.

३. जूनच्या पहिल्या आठवड्यात पस्तिशीचा एक इसम चंदेरी पिकअप घेऊन दुकानात आला. नाव सुदर्शन सांगितले. “अवसरीला कॉलेजात प्रोजेक्ट आहे, त्यासाठी असलं काहीतरी पाहिजे,” म्हणाला. (त्या कॉलेजचा याच्याशी काहीएक संबंध नाही. मी नंतर जाऊन विचारले. असा माणूस तिथे कोणाला माहीत नाही.) रिसीव्हर पाहून म्हणाला, “पण वाजतो का राव? का नुसताच डबा?”

४. साहेब, पहिल्या अर्जात मी इथेच थांबलो होतो. ‘सदर इसमाने सदर यंत्र खरेदी केले’ असे लिहून पुढे त्याचे वर्णन दिले होते. आमचे एक नातेवाईक वकिलाकडे कामाला आहेत, त्यांनी मजकूर सांगितला होता. प्रत्यक्षात पुढे काय झाले ते असे.

‘नुसताच डबा’ हे शब्द मला लागले. मी दुकानाच्या गच्चीवर नेऊन अँटेना फिरवून दाखवला, काही वाजले नाही. वाजणार कसे, जनावर वीस-पंचवीस किलोमीटरवर. तो हसला. मी म्हणालो, “चला, तुम्हाला वाजवून दाखवतो.” दुकानाचे शटर ओढले आणि त्याच्याच पिकअपमध्ये बसून वडाच्या मळ्यामागच्या टेकडीवर गेलो. रस्ता मी सांगितला. दुपारचे चार वाजले असतील. मी अँटेना धरून हळूहळू फिरलो. नदीकडे काही नाही, रस्त्याकडे काही नाही. ओढ्याकडे वळलो आणि टिक् टिक् सुरू झाली. खाली उसात कुठेतरी एक जिवंत जनावर झोपलेले होते आणि त्याचा ठोका माझ्या हातात येत होता. मला फार आनंद झाला होता, हे मी लपवत नाही.

मग मी अँटेना त्याच्या हातात दिला. त्याला जमेना. जवळ गेल्यावर आवाज सगळीकडूनच मोठा येतो आणि दिशा कळत नाही. तेव्हा बटण फिरवून आवाज बारीक करायचा, पुन्हा फिरायचे, पुन्हा बारीक करायचा, असे करत थेट जनावरापाशी जाता येते. हे त्याला ठाऊक नव्हते. मी शिकवले. त्याला नीट जमेपर्यंत शिकवले. यंत्र त्याने त्या कागदासकट विकत घेतले आणि परत येताना हायवेवर मला चहा पाजला. प्रोजेक्टचा विषय काय, हे मी त्याला विचारले नाही. विचारले असते तर खोटे तरी बोलावे लागले असते त्याला. तेवढीही अडचण मी त्याची केली नाही.

५. बावीस-तेवीस दिवसांनी मोबाईलवर सगळ्या ग्रुपवर तो फोटो आला. गळ्यात कॉलर तशीच होती. मी फोन खाली ठेवला आणि एका गिऱ्हाइकाच्या मिक्सरचा स्पीडचा स्विच बदलून दिला. त्यानंतर दहा दिवसांनी त्या इसमाचा फोन आला. “भाऊ, असा अजून एखादा चालू नंबर असंल तर सांगा.” मी “नाही” म्हणालो आणि त्याचा नंबर ब्लॉक केला. आपल्याला कळवला नाही. आता तो फोन बंद येतो. ज्या हॉटेलात आम्ही चहा प्यायलो तिथे कॅमेरा आहे. मी ऑगस्टच्या शेवटी जाऊन विचारले, तर मालक म्हणाले, “महिन्याभराचंच राहतंय, मागचं पुसलं जातंय.” मी वेळेवर बोललो असतो तर त्याचा चेहरा आपल्याला मिळाला असता.

६. आता गेणभाऊंबद्दल. गेणभाऊ धोंडू लोहकरे, रा. तळेघर. संशोधनाचे काम चालू होते ती सहा वर्षे ते त्या मंडळींबरोबर अँटेना घेऊन उसातून फिरत. काम संपल्यावर आपल्याकडे हंगामी वनमजूर म्हणून लागले. मादी नेमकी तिच्या दुपारच्या जागेवर धरली गेली आणि ती जागा माहीत असणारा माणूस एकच, म्हणून त्यांची चौकशी झाली, ती अजून संपलेली नाही. त्यांना कामावरून थांबवले आहे. वडाच्या मळ्यात त्यांना ‘नखंवाला’ म्हणतात. ज्या घरांतून त्यांना सहा वर्षे पाणी मिळाले, तिथली माणसे आता दार लोटून घेतात, हे मला तिथल्याच एका बाईंनी सांगितले.

मी त्यांना ओळखतो. चार वर्षांपूर्वी अँटेनाची वायर तुटली म्हणून ते माझ्याकडे सोल्डरचा डाग मारून घ्यायला आले होते. कामापुरते थांबून निघून जाणारे ते नव्हेत. दुकानापुढच्या मोकळ्या जागेत एक जुनी कॉलर टपरीमागे ठेवून, ती कशी हुडकायची हे त्यांनी मला दाखवले. “मोठा आवाज फसवतो, शेटजी. जवळ जायचं तर आवाज बारीक करायचा.” म्हणजे मी त्या इसमाला जे शिकवले ते गेणभाऊंचे होते.

त्यांची चौकशी चालू आहे हे मला जुलैतच कळले. मी स्वतःला सांगत होतो की, खरा माणूस सापडेल आणि ते आपोआप सुटतील.

७. आमच्यात संवत्सरीच्या दिवशी वर्षभरात कळत-नकळत दुखावलेल्या सर्वांची माफी मागतात, ‘मिच्छामि दुक्कडम’ म्हणतात. माझी आई पानबाई, वय ७८, माझ्यापुढेही हात जोडते. यंदा जोडले तेव्हा मी मान वर केली नाही. पण फोनमधल्या सगळ्या नंबरांना एकाच वेळी जाईल असा माफीचा निरोप मात्र दरवर्षीप्रमाणे पाठवला. त्या यादीत गेणभाऊंचा नंबर होता. दुपारी त्यांचे उत्तर आले. त्यांना लिहायला जड जाते म्हणून बोलूनच पाठवले होते : “शेटजी, तुमी कशाला माफी मागता? तुमचं काय चुकलंय? उलट तुमीच एक इचारलं. बाकी कोण इचारत न्हाई आता.”

ते मी एकदाच ऐकू शकलो. चार दिवसांनी पहिला अर्ज घेऊन आपल्याकडे आलो.

८. आणि त्या अर्जातही टेकडी लिहिली नाही. आपल्या कार्यालयातील लिपिकांनी अर्ज वाचला, खुर्ची दिली, चहा मागवला. “असे जागरूक नागरिक पाहिजेत,” म्हणाले. मी तो चहा संपवला. आठ दिवसांनी खरी हकीकत लिहून दुसरा अर्ज आणला, तेव्हा त्यांनी विचारले, “तक्रार कोणाविरुद्ध?”

मी म्हणालो, “माझ्याविरुद्ध.”

“असा काही नमुना नाही आपल्याकडं. आणि पहिला अर्ज चांगला हाय की. साक्षीदार म्हणून लागलाय. कशाला खराब करून घेता?”

ते माझ्या भल्याचेच सांगत होते. त्यांच्यावर माझी तक्रार नाही. घरी माझी पत्नी जागृती हिचेही तेच मत पडले. ती म्हणाली, “एकदा सांगून झालंय ना? मग आता पुन्हा काय?” मी तिला म्हणालो, सांगून झाले ते त्या माणसाचे, माझे अजून सांगायचेच आहे. या अर्जाच्या प्रती तिनेच काढून आणल्या आहेत.

९. हा तिसरा अर्ज देण्याआधी गेणभाऊंना कागदावरून कळू नये, माझ्या तोंडून कळावे असे वाटले. म्हणून परवा, शनिवारी, तळेघरला गेलो. एसटी चुकली, शेवटचा तासभर चालत गेलो. ते भाताच्या खाचरात बांध नीट करत होते. मी बांधावर उभा राहून सगळे सांगितले. टेकडी, बटण, फोन, दोन महिने. त्यांनी मध्ये एकदाही थांबवले नाही. शेवटी विचारले,

“कुठल्या अंगाला वाजली?”

“ओढ्याच्या.”

“चारच्या टायमाला?”

“हो.”

“तिथंच निजायची ती. करंजाखाली.” बराच वेळ ते खोऱ्यावरचा चिखल बोटाने काढत राहिले. मग म्हणाले, “आवाज बारीक करायचं तुमाला म्याच दावलं व्हतं, न्हाई का?”

मी म्हणालो, “गेणभाऊ, तसं मनात आणू नका. चूक माझी आहे.”

“तुमची तर हायच,” ते म्हणाले. “म्या माझं बोलतोय.”

साहेब, मी शिव्यांची तयारी करून गेलो होतो. ज्याने तिला सहा वर्षे सांभाळले, तो माणूस माझ्यामुळे आता स्वतःचाही दोष शोधू लागला आहे. चौकशीत त्यांच्या तोंडून असे काही आले तर ते कबुली म्हणून लिहिले जाऊ नये, ही हात जोडून विनंती.

तेवढ्यात घरातून बयाबाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, चहा घेऊन आल्या. त्यांना काहीच माहीत नव्हते. गेणभाऊ त्यांना म्हणाले, “पावण्याला चा नको. त्यास्नी गाडी गाठायचीय.” त्या वेळी कुठलीही गाडी नव्हती. मी खाली उतरलो.

१०. तरी माझी विनंती अशी :

अ) संदर्भ क्र. १ चा अर्ज रद्द करावा. मला साक्षीदार करू नये. खबर दिल्याबद्दल कोणतीही सवलत मला नको आहे. जे कलम लागत असेल ते लावावे.

आ) मादीच्या दुपारच्या जागेची माहिती यंत्रातून व माझ्याकडून गेली, गेणभाऊ लोहकरे यांच्याकडून नव्हे, असे लेखी पत्र त्यांना द्यावे, त्यांना कामावर परत घ्यावे, आणि ते पत्र वडाच्या मळ्याच्या ग्रामसभेत वाचून दाखवावे. त्या सभेत मला उभे करावे. मी स्वतःहून जाऊन बोलू शकतो, पण लोक मला समजूतदार म्हणतील अशी मला भीती वाटते.

इ) त्याच लॉटमधील एक अँटेना व एक रिकामी कॉलर माझ्याकडे शिल्लक आहेत, ती जप्त करावीत. मी ती या अर्जासोबत आणलेली आहेत. अशा जुन्या यंत्रांच्या विक्रीवर काही नियम करता येत असेल तर तो करावा, आणि विकणाऱ्या संस्थांना झाकणाच्या आत पाहून मगच वस्तू देण्यास सांगावे. परंतु संस्थेने पाहिले नाही, ही माझी सबब नाही. मी पाहिले होते.

ई) तो इसम सापडल्यास ओळखपरेडीसाठी मला केव्हाही बोलवावे. त्याचा चेहरा मला पक्का आठवतो. टेकडीवर पहिल्यांदा वाजले तेव्हा तोही माझ्यासारखाच हसला होता.

आज कार्यालय सुटेपर्यंत मी बाहेरच्या बाकावर बसून आहे. या अर्जावरही शिक्का मिळाला नाही, तर उद्या पुन्हा येईन.

आपला नम्र
(पुढे ‘नागरिक’ असे लिहिण्याची पद्धत आहे, ते लिहिलेले नाही),

प्रितम माणिकचंद गुगळे
आळेफाटा, दि. १५ सप्टेंबर २०२५

सोबत :
१) संस्थेकडून लॉट घेतल्याची पावती, छायाप्रत.
२) सदर इसमाचा मोबाईल नंबर, पिकअपच्या नंबरातील आठवणारे आकडे व त्याचे वर्णन.
३) एक अँटेना व एक रिकामी कॉलर.
४) वरील हकीकत मी गेणभाऊ लोहकरे यांना समक्ष सांगितली, असा कागद. त्यावर फक्त माझी सही आहे. त्यांची मागितली होती. “आजवर लई सया दिल्या, शेटजी. ही देत न्हाई,” असे म्हणून ते खाचरात परत उतरले.