अक्षरांचे पाय

॥ श्री ॥
धाराशिव, ४ जून १९४७

चि. महांतप्पा यास सिद्रामप्पाचे आशीर्वाद. वि. वि.

तू कोरलेला शिसवी ठशांचा संच पोहोचला. माझ्या छापखान्यातले खिळे जुळवणारे पोट धरून हसले. अक्षरं उंच, जाड, कोंडलेली, आणि प्रत्येक कान्याखाली विटेसारखा पाय. गुंडाप्पा म्हणाला, दाराच्या फटीत म्हशी उभ्या केल्यात. संच परत पाठवतो आहे. पाय छाट, मग घेईन. तुला हात आहे, डोळा नाही.

सौ. महादेवीस आशीर्वाद. थोरल्या भावाच्या बोलण्याचा राग धरू नये, कळवत राहावे.

सिद्रामप्पा

॥ श्री ॥
येरमाळा, १५ जून

ती. आप्पा यांस महांतप्पाचा शि. सा. न. वि. वि.

पाय छाटणार नाही. जाहिरातीचा कागद अरुंद. नाव एका ओळीत बसवायचं तर अक्षर चिंचोळं लागतं, आणि चिंचोळं अक्षर दुरून उभं दिसायला पाय लागतो. सोलापूरला सर्कशीची इंग्रजी जाहिरात बघितली. रस्त्यापलीकडून वाचता आली. तुमची वाचायला भिंतीला नाक लावावं लागतं.

इथल्या काही मंडळींना माझी अक्षरं पसंत पडली. यंत्र नाही, म्हणून ठशांवर कागद ठेवून लाटणं फिरवलं. पोळ्यांना शाईचा वास येतो म्हणून महादेवी चिडली आहे. बाकी भेटीअंती.

माया पातळ होऊ देऊ नये.

महांतप्पा

॥ श्री ॥
धाराशिव, १४ ऑगस्ट

चि. सौ. महादेवीस सिद्रामप्पाचे आशीर्वाद.

महांतप्पाला पोलिसांनी नेल्याचं कळलं. दुसऱ्या कुणी सांगण्याआधी मीच लिहितो. सोमवारी पोलिस ठाण्याचे अमीनसाहेब भिंतीवरून काढलेली एक जाहिरात घेऊन छापखान्यात आले. ‘झेंडा उभारा’ एवढंच तिच्यावर, पण निजामाच्या राज्यात तिरंग्याला बंदी. लई सभ्य माणूस, चहा घेतला. ही अक्षरं कुठली, असं सहज विचारलं. मला हसू आवरेना. म्हटलं, असलं ओबडधोबड माझ्याकडे सापडायचं नाही, असले पाय आमचा धाकटाच कोरतो. अमीनसाहेबही हसले आणि टिपून घेतलं. मग मला समजलं, ते काय शोधत होते.

त्यानं माझं ऐकून पाय छाटले असते, तर कुणी ओळखलं नसतं.

मनात किंतू आणू नये, लोभ तसाच ठेवावा.

सिद्रामप्पा

॥ श्री ॥
धाराशिव, २ डिसेंबर

चि. सौ. महादेवीस आशीर्वाद.

महांतप्पा सुटून आल्याचं ऐकून बरं वाटलं. ठाण्यात मोडलेली उजव्या हाताची बोटं वाकडी जुळली, असं गुंडाप्पानं सांगितलं. जीव वाचला हे काय थोडं. आता त्याच्यानं कोरणं होणार नाही, संच पडून राहील. मला सरकारी जाहिराती मिळाल्या आहेत. अमीनसाहेबांनीच शब्द टाकला. दुरून वाचता येतील अशी अक्षरं हवीत म्हणतात. गुंडाप्पाला पुढच्या आठवड्यात पाठवतो, संच त्याच्याकडे दे. पाय राहू देत.

घरोबा राखावा.

सिद्रामप्पा

॥ श्री ॥
येरमाळा, १३ डिसेंबर

ती. भावजी यांस महादेवीचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र यांना वाचून दाखवलं. ठशांची पेटी मागितली. उजव्या हातात पटाशी राहत नाही, म्हणून एकेक ठसा मी दाबून धरला आणि यांनी डाव्या हातानं छाटला. सहा दिवस लागले. जूनच्या पत्रात तुम्ही सांगितलं होतं, तसंच केलं. एकाही अक्षराला पाय ठेवला नाही. ढलप्या चुलीत घातल्या.

संच गुंडाप्पाबरोबर पाठवला आहे. आता ही अक्षरं कुणाची, ते कुणालाच ओळखता येणार नाही. तुम्हालासुद्धा.

महादेवी